साठ खुर्च्या आणि एक यादी

काम पाच मिनिटांचं होतं. आमच्या ग्रुपला एका गायकाच्या कार्यक्रमाची साठ तिकिटं एकगठ्ठा मिळाली होती. बारा-बारा खुर्च्यांच्या पाच रांगा. साठ नावांपुढे साठ खुर्च्यांचे नंबर टाकायचे आणि शीट ग्रुपवर पाठवायची, एवढंच. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे असली कामं न विचारता माझ्याकडे येतात.

गायकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की चर्चा त्यांच्यावर जाईल, आणि यात त्यांचा काहीच दोष नाही. ते तीसेक वर्षं गातायत. आमचा ग्रुप २०१६ पासून आहे. हडपसर, मांजरी, फुरसुंगी, मगरपट्टा या भागातले चाहते आधी व्हॉट्सअॅपवर जमले, मग वर्षाची वर्गणी सुरू झाली, मग कुणीतरी प्रत्येकाला सभासद क्रमांक दिला. क्रमांक मिळाला की माणसाचं काय होतं, हे तेव्हा कळलं नव्हतं. माझा क्रमांक सात आहे.

क्रमांक एकला आम्ही सगळे दादा म्हणतो. त्यांचा फोन आला. म्हणाले, "नंबराप्रमाणे लाव. जुने पुढे, नवे मागे. यात विचार काय करायचा?"

मी विचार केला नाही. सभासद होण्याच्या तारखेवर सॉर्ट मारला आणि एका सेकंदात साठ माणसं ओळीनं उभी राहिली. पहिल्या रांगेत सातवी खुर्ची, म्हणजे जवळजवळ मध्यावर, माझं नाव. बरं वाटलं. मग सहज खाली स्क्रोल केलं, तर अठ्ठावन्नाव्या क्रमांकावर काकू होत्या.

काकूंचं आमच्या गल्लीत पोळीभाजी केंद्र आहे. गेली पाच वर्षं माझं रात्रीचं जेवण त्यांच्याकडचं. या गायकाची पहिली कॅसेट त्यांच्याकडे आहे, अजून. टेप बिघडला तरी कॅसेट ठेवलीय. पोळ्या लाटताना त्या ती गाणी म्हणतात, आणि अंतऱ्याचा एकही शब्द चुकत नाही. मी या गायकाचा चाहता झालो तो कॉलेजमध्ये, रूममेटच्या मोबाइलवर ऐकून. काकू माझ्या आधी किमान पंधरा वर्षं चाहत्या आहेत. फक्त स्मार्टफोन त्यांच्या हातात आला मुलानं जुना दिला तेव्हा, आणि ग्रुपमध्ये त्या आल्या गेल्या वर्षी. त्यांना ग्रुपमध्ये घेतलं मीच.

म्हणजे माझ्या शीटला माहीत होतं की माणूस व्हॉट्सअॅपवर कधी आला. माणूस गाण्याकडे कधी आला, हे तिला माहीत नव्हतं. मी लॅपटॉप बंद केला आणि शीट पाठवली नाही. पाच मिनिटांचं काम तीन आठवडे चाललं.

*

गोष्ट क्षुल्लक आहे, हे मलाही कळतं. एका संध्याकाळची खुर्ची ती. पण थोड्या गोष्टी आणि जास्त माणसं असली की कुणाला आधी द्यायचं, हा प्रश्न खुर्चीपुरता राहत नाही. आपण त्याची उत्तरं लहानपणापासून शिकत आलोय. माझ्या हिशेबानं ती पाच आहेत: रुमाल, पैसा, ओळख, चिठ्ठी आणि ज्येष्ठता.

रुमाल म्हणजे एसटी. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल आत टाकला की सीट आपली. जो आधी आला त्याची जागा. वरवर पाहिलं तर यापेक्षा समान काही नाही. पण खिडकीपर्यंत धावू कोण शकतो? कडेवर मूल असलेली बाई धावत नाही. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवातही रुमालाचंच मोठं रूप दिसतं. पंडित भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला हा महोत्सव वर्षानुवर्षं रमणबागेत भरायचा, २०१८ पासून मुकुंदनगरला भरतो. सोफा, खुर्ची, भारतीय बैठक असे तिकिटाचे दर. सोफा कुणाचा, हे पैसा ठरवतो. बैठकीत पुढे कोण, हे ठरवते चादर. आधी येऊन अंथरली त्याची जागा. खरे दर्दी बैठकीत भेटतात असं पुण्यात म्हणतात. असेलही, पण दुपारी येऊन चादर अंथरायला दुपार मोकळी लागते. डिसेंबरातल्या कामाच्या दिवशी ती कुणाकडे असते?

पैशाबद्दल फार बोलायला नको. तो निदान खोटं बोलत नाही. कधीकधी पैशामागे कारणही मोठं असतं. ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकत्र उभे राहिले, तो संयुक्त 'मानापमान'चा प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठी होता. तिथं महाग तिकीट घेणाऱ्याला निदान एवढं म्हणता येत होतं की खुर्ची माझी, पण पैसे देशाचे. आज तसं नसतं. कोल्डप्लेच्या जानेवारी २०२५ मधल्या नवी मुंबईच्या कार्यक्रमांची तिकिटं २२ सप्टेंबर २०२४ च्या रविवारी विक्रीला आली. माझ्यासारखे लाखो लोक स्क्रीनवरच्या रांगेत उभे होते. माझ्यापुढे काही लाख माणसं होती, आणि ती दिसत नसल्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. थोड्याच वेळात तीच तिकिटं दुसरीकडे कित्येक पट भावानं दिसू लागली. म्हणजे रुमाल टाकणारे वेगळे आणि बसणारे वेगळे.

ओळख म्हणजे पास. पहिल्या दोन रांगा 'निमंत्रितांसाठी' असतात, हे ज्यानं नाट्यगृहात पाय ठेवलाय त्याला सांगावं लागत नाही. निमंत्रित नऊ वाजता येतात आणि मध्यंतरात जातात.

चिठ्ठीकडे नंतर येतो.

ज्येष्ठतेबद्दल मात्र मला आधी आदर होता आणि अजूनही आहे. त्याचं कारण घरातलं आहे.

*

माझे वडील हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर होते. मी शाळेत असताना तिथं कामगार कपात झाली. घरात महिनाभर कुणी मोठ्यानं बोललं नाही. वडिलांची नोकरी राहिली. सायबाशी त्यांचं पटत नव्हतं, तोंडावर बोलायची सवय होती, तरी राहिली. मी मोठा झाल्यावर विचारलं तेव्हा म्हणाले, "माझा नंबर वर होता."

औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा. त्याच्या कलम २५-जीमध्ये ही गोष्ट लिहिलेली होती: कपात करायची तर साधारणपणे त्या प्रकारच्या कामावर जो शेवटी आला, तो आधी जाईल. वेगळं करायचं असेल तर मालकानं कारण नोंदवायचं. माझ्या पिढीतल्या आयटीवाल्याला हे वाचून हसू येईल. आमच्याकडे कपात होते तेव्हा यादी कशी बनली हे कुणालाच कळत नाही. 'परफॉर्मन्स' असं सांगतात. परफॉर्मन्स म्हणजे मॅनेजरला काय वाटलं ते.

ज्येष्ठतेचा हा मोठा गुण आहे. ती मोजता येते, तारीख बदलता येत नाही, आणि तिला लाच देता येत नाही. साहेबाला तुम्ही आवडत नसलात तरी तुमची वर्षं तो खाऊ शकत नाही. जो दुबळा आहे, ज्याची वर ओळख नाही, त्याला हा एवढाच आधार असतो की मी इतकी वर्षं इथं होतो.

दादा फोनवर हेच सांगत होते, त्यांच्या भाषेत. "तू आलास तेव्हा आम्ही चाळीस जण होतो काय रे? सात होतो. कार्यक्रमाला माणसं मिळायची नाहीत. मी स्वतःच्या खिशातून दहा तिकिटं काढून ओळखीच्यांना फुकट वाटलीत. आज साठ झाले, कारण तेव्हा सात होते. मग पुढची रांग मागितली तर काय चुकलं?"

काही चुकलं नाही. मी दोन दिवस यावर उत्तर शोधलं, सापडलं नाही. ज्यांनी उन्हात मांडव घातला, त्यांनी सावलीत आधी बसावं, यात गैर काय?

अमेरिकेतल्या पर्ल जॅम या बँडच्या चाहत्यांचा 'टेन क्लब' नावाचा क्लब आहे. तिथं वर्षानुवर्षं हाच नियम चालत आलाय: सभासद क्रमांक जितका जुना, तितकी खुर्ची स्टेजच्या जवळ. याच बँडनं तिकीटविक्रीतल्या मक्तेदारीविरुद्ध १९९४ साली अमेरिकी काँग्रेससमोर साक्ष दिली होती. पैसेवाल्यानं पुढे बसू नये, जो आमच्याबरोबर आधीपासून होता त्यानं बसावं, असा तो विचार. इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर हे वाचून मी भारावलो होतो. हा आदर्श नियम, असं वाटलं होतं.

तेव्हा मला काकू माहीत नव्हत्या.

*

आमच्या हडपसरला ज्येष्ठतेची याहून फार जुनी व्यवस्था दरवर्षी दारावरून जाते.

पुण्यातले दोन मुक्काम संपवून ज्ञानेश्वर महाराजांची आणि तुकाराम महाराजांची पालखी हडपसरला येते. गाडीतळाला गर्दी होते, सोलापूर रस्ता बंद, आमचं ऑफिस घरून. इथं दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात. माउलींची पालखी दिवे घाटाकडे, सासवडच्या रस्त्याला वळते आणि तुकोबांची सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरकडे सरळ जाते. बाहेरून पाहणाऱ्याला ही लाखो माणसांची गर्दी वाटते. पण माउलींच्या सोहळ्यात रथापुढे २७ दिंड्या असतात आणि रथामागे शेकड्यांनी. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, आणि प्रत्येकीची जागा परंपरेनं ठरलेली असते. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला आजचं रूप दिलं. तेव्हापासून घडत आलेला हा क्रम. रथाच्या जवळ कोण आणि लांब कोण, हे पैशावर ठरत नाही. मागची श्रीमंत दिंडी वर्गणी देऊन पुढे सरकत नाही. ज्यांना क्रमांक नाही ते मोकळ्या समाजात चालतात.

तीन वर्षांपूर्वी मी ऑफिसातल्या मित्रांबरोबर हडपसर ते सासवड चाललो. आम्ही अर्थात हौशे. हातात टाळ कमी आणि मोबाइल जास्त. दिवे घाट चढून, पायाला फोड घेऊन सासवडला पोचलो. तिथं संध्याकाळी समाजआरती पाहिली, ती मात्र डोक्यातून गेली नाही.

सगळ्या दिंड्या तळावर जमतात. टाळ-मृदंगाचा असा कल्लोळ असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार चोप उंच करतो आणि एका क्षणात शांतता. हजारो टाळ थांबतात. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. सगळीकडे शांत आणि एका कोपऱ्यात टाळ वाजतायत. चोपदार त्या आवाजाच्या दिशेनं जातो आणि विचारतो, काय झालं? तक्रार ऐकली जाते. कुणाचं काय हरवलं, काय सापडलं तेही तिथंच सांगितलं जातं. मग आरती होते.

मला आधी यातली शिस्त दिसली होती. शीट पाठवायची थांबवली त्या रात्री दुसरी गोष्ट लक्षात आली. त्या मैदानात तक्रार करायला क्रमांक लागत नाही. चालताना मागे असलेली दिंडीही टाळ वाजवत राहिली, तर चोपदाराला तिच्याकडे जावं लागतं. चालायचा क्रम एक असतो आणि ऐकायचा क्रम वेगळा.

*

पण वारीचं नुसतं कौतुक करून थांबलो तर लबाडी होईल.

पंढरपूरला महाद्वारात नामदेवांची पायरी आहे. परंपरा अशी की विठ्ठलाच्या सगळ्यात जवळच्या या भक्तानं समाधीसाठी देवळाची पायरी मागून घेतली, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायाची धूळ लागावी म्हणून. आमच्या भाषेत सांगायचं तर क्रमांक एकनं शेवटची खुर्ची मागितली. त्याच महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. तेही त्याच काळातले, त्याच विठ्ठलाचे. पण त्यांना देवळात जाऊ दिलं नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना कूस कोसळून ते गेले, आणि त्यांच्या अस्थी आणून नामदेवांनीच त्या दाराशी समाधी बांधली, असं सांगतात.

एकाच दारात दोघं आहेत. बाहेरून फोटो काढला तर दोघांची जागा सारखीच दिसेल. पण एकानं पायरी मागून घेतली आणि दुसऱ्याला पायरीच्या आत येऊ दिलं नाही. मागची खुर्ची आपणहून घेणं आणि मागची खुर्ची वाट्याला येणं, यातला फरक शीटमध्ये दिसत नाही. दोन्हीकडे आकडा तोच असतो.

त्या देवळाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावं लागलं. म्हणजे चोखोबांनंतर सहाशे वर्षांनी. रस्त्यावरही सगळं एक नव्हतं. एकाच दिंडीत बरोबर चालणारे लोक जेवायला जातीप्रमाणे वेगळे बसत, हे इरावती कर्व्यांनी 'वाटचाल' या लेखात लिहून ठेवलंय. आता समजा १९४७ नंतर कुणी म्हणालं असतं, की गाभाऱ्याजवळ उभं राहायचा मान जो जास्त वर्षं येतोय त्याला. नियम सरळ आहे. तारखेवर आहे. त्यात जातीचा उल्लेखही नाही. आणि तरीही तो नियम सहाशे वर्षांचं बंद दार पुढे चालू ठेवतो, फक्त कुलूप न लावता.

ज्येष्ठतेची अडचण इथं आहे. ती वर्षं मोजते, पण मोजायला सुरुवात करायची परवानगी कुणाला कधी मिळाली, हे विचारत नाही. वडिलांच्या कारखान्यातही तेच झालं. त्या कपातीत जी माणसं गेली त्यांच्यात नव्यानं घेतलेल्या बायका जास्त होत्या, हे आईनं मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं. आधी त्या खात्यात बायकांना घेतच नव्हते, मग त्यांचे क्रमांक वर असणार कसे? ज्या नियमानं आमचं घर वाचवलं, त्याच नियमानं त्यांना बाहेर काढलं. नियम दोन्ही वेळा तोच होता. मला अजून ठरवता येत नाही की त्या नियमाचे आभार मानावेत की नाही. मानतो, पण मोठ्यानं मानत नाही.

काकूंचं उदाहरण चोखोबांच्या शेजारी ठेवतोय असं कुणी समजू नये. एक माणूसपण नाकारण्याची गोष्ट आहे, दुसरी एका संध्याकाळची. पण गणित तेच आहे. काकूंचा अठ्ठावन्न हा आकडा त्यांचं प्रेम किती जुनं ते सांगत नाही. स्मार्टफोन घ्यायला त्यांना किती वर्षं थांबावं लागलं, ते सांगतो.

*

मी दादांना पर्याय सुचवला. साठांपैकी तीन रांगा क्रमांकानुसार. दोन रांगा, त्यात पहिली धरून, चिठ्ठ्या टाकून. ज्यांना दिसायला-ऐकायला त्रास आहे किंवा ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांना सोयीच्या खुर्च्या आधी. पर्ल जॅमवाल्यांनीही काही दौऱ्यांत पुढच्या थोड्या जागा ज्येष्ठता बाजूला ठेवून सोडतीनं दिल्यात, हेही सांगितलं.

दादा म्हणाले, "म्हणजे आठ वर्षं राबायचं आणि शेवटी म्हाडाची सोडत?"

चिठ्ठीवर हा आक्षेप बरोबर आहे. चिठ्ठी कुणाचं काही ऐकत नाही. तिला कष्ट कळत नाहीत, प्रेम कळत नाही, गरज कळत नाही. तिच्यापुढे माणूस म्हणजे डब्यातला कागद. पण म्हणूनच ती एक गोष्ट करत नाही: ज्याला मागे बसवते त्याला ती 'तुझी लायकी मागची' असं सांगत नाही. सॉर्ट केलेली यादी न बोलता तेच सांगत असते. चिठ्ठीत हरलेला माणूस नशिबाला शिव्या देतो आणि पुढच्या वेळी परत डब्यात नाव टाकतो. क्रमांकानं मागे बसलेला पुढच्या वेळीही अठ्ठावन्नच असतो. आपला क्रमांक वर सरकायची एकच वाट असते, वरचं कुणीतरी जायला हवं. चाहत्यांच्या ग्रुपमध्ये अशी वाट पाहायला लागणं मला बरं वाटत नाही.

ग्रुपवर चर्चा झाली, म्हणजे भांडण झालं. रात्री साडेअकराला सुरू झालेलं भांडण दोनपर्यंत चाललं. क्रमांक दोन, जे चार वर्षं एकाही कार्यक्रमाला आले नव्हते, ते सगळ्यात जास्त बोलले आणि शेवटी ग्रुप सोडून गेले. मला वाईट वाटलं. ते आमच्या पहिल्या सातातले होते. मी कुणाला घालवायला निघालो नव्हतो. कुणीतरी मला सुनावलं, "तू स्वतः सातवा आहेस म्हणून तुला उदार व्हायला परवडतं." हे खरं होतं. मी काही त्याग करत नव्हतो. पुढे बसण्याचा अनुभव माझ्याकडे आधीच होता. अठ्ठावन्नावा माणूस हाच प्रस्ताव घेऊन आला असता, तर त्याला मतलबी म्हटलं असतं. मीही म्हटलं असतं.

शेवटी मतदान झालं आणि प्रस्ताव थोडक्यात पास झाला. दादांनी विरोधात मत दिलं आणि चिठ्ठ्या स्वतः बसून कापल्या.

*

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दादांच्या घरी स्टीलच्या डब्यातून त्यांच्या मुलीनं चिठ्ठ्या काढल्या. गोष्ट गोड करायची असती तर काकूंना पहिली रांग मिळाली असं लिहिलं असतं. त्यांचं नाव पहिल्या रांगेत निघालं नाही, त्या पाचव्या रांगेतच राहिल्या. मी माझी खुर्ची डब्यात टाकली होती, तर मलाही पाचवी रांग आली, काकूंच्या शेजारची. पहिल्या रांगेत मध्यावर आली सहा महिन्यांपूर्वी ग्रुपमध्ये आलेली एक मुलगी. तिला या गायकाची चार गाणीही धड माहीत नव्हती.

मला ते लागलं. खोटं कशाला बोलू? दिवे लागेपर्यंत मी त्या मुलीच्या डोक्याकडे बघत होतो.

मध्यंतरात काकूंना म्हणालो, "काकू, खरं तर तुम्हाला पुढची मिळायला हवी होती. मी तेवढ्यासाठीच हे सगळं केलं."

काकू हसल्या. "आरं, मागं बसलं म्हणून काय गाणं कमी येतंय व्हय? मला कुठंबी बसीव." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण एक इचारू का? तुम्ही दर येळेला शनवारची संध्याकाळच का घेता? उद्या सकाळी बी हायेच की ह्यांचा कार्यक्रम. आज माझं ऐंशी डबं बंद राहिलं. पोरींची रोजी गेली, गिऱ्हाईकांनी बोलून घेतलं ते येगळंच. सकाळचं असतं तर मी दुपारपत्तर मोकळी."

मी गप्प बसलो. कार्यक्रम शनिवारी संध्याकाळचा घ्यायचा, हे पहिल्या सातांनी २०१६ सालीच ठरवलं होतं. आम्ही सगळे नोकरीवाले, शनिवारी सुट्टी, रविवारी सकाळी झोपायचं. त्यानंतर कुणी विचारलंच नाही. तीन आठवडे मी रांगांवर भांडलो, नामदेवांपासून पर्ल जॅमपर्यंत जाऊन आलो, काकूंच्या वतीनं दोन वाजेपर्यंत टाइप केलं. त्या तीन आठवड्यांत रोज रात्री त्यांच्याकडून डबा आणला. आणि एकदाही त्यांना विचारलं नाही की काकू, तुम्हाला काय हवंय?

त्यांचे टाळ वाजतच होते. मी चोप उंचावून उभा होतो आणि स्वतःच्याच भाषणात ते मला ऐकू आले नाहीत.

ज्येष्ठतेबद्दल माझं मत आता असं झालंय. जुन्या माणसाला पुढे बसू द्यायला माझी हरकत नाही. दादांसारख्याला तर नाहीच. खुर्ची हा मान आहे आणि मान द्यावा. पण जुना क्रमांक हळूच खुर्चीपलीकडे जातो. कार्यक्रम कधी घ्यायचा, वर्गणी किती, ग्रुपवर काय बोललेलं चालतं, हे सगळं पहिले सात ठरवू लागतात, आणि तो मान राहत नाही, मालकी होते. रांगेचा वाद आम्हाला सोपा होता, कारण रांग दिसते. मालकी शीटमध्ये दिसत नाही. तिच्यासाठी कॉलमच नसतो.

तेव्हापासून आम्ही एक साधी गोष्ट करतो. नवीन कार्यक्रम जाहीर झाला की ग्रुपवर पहिले दोन दिवस फक्त शेवटच्या वीस क्रमांकांनी बोलायचं: कोणता दिवस, कोणती वेळ, तिकीट किती परवडेल. बाकीच्यांनी गप्प बसायचं. हे फार जड जातं, दादांना तर सगळ्यात जास्त. पण नियम मोडला म्हणून त्यांनी आजवर एकदाच स्वतःला पन्नास रुपये दंड केलाय.

खुर्च्यांचं म्हणाल तर अर्ध्या क्रमांकानं, अर्ध्या चिठ्ठीनं. हा नियम बरोबर आहे असा माझा दावा नाही. पुढच्या वर्षी बदलेलही.

गेल्या महिन्यात आम्ही रविवार सकाळचा कार्यक्रम घेतला. काकू पहाटे चारला उठून, दुपारच्या पोळ्यांची कणीक भिजवून आल्या होत्या. चिठ्ठीत मला तिसरी रांग आली आणि त्यांना पुन्हा पाचवी.